उजवी की डावी

अठराव्या वाढदिवसाला बाकीच्या मुली काय मागतात ते मला ठाऊक नाही. मी ठासणीची बंदूक मागितली, आणि तीही सुट्या भागांत. बाबांनीच फार आधी जाहीर करून ठेवलं होतं की केतकी अठराची झाली की तिच्या पसंतीची एक वस्तू घेऊ आणि त्यावर घरात कुणी हूं की चूं करणार नाही. आईच्या मनात कानातले होते, बाबांच्या मनात लॅपटॉप. मी बंदुकीचं नाव काढलं तेव्हा आई श्रीखंडासाठी क्वार्क घोटत होती. (जर्मनीतल्या तमाम मराठी घरांत चक्का टांगायचं काम क्वार्कनं कायमचं संपवलं आहे.) तिचा हात थांबला. बाबा आधी हसले, मग मी हसत नाहीये हे पाहून खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "आल्झो, बरं तर, पहिल्यापासून सांग."

मग मी पहिल्यापासून सांगितलं. ही आजकालची बंदूक नव्हे. हिच्यात काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी बंदुकीची दारू ओतायची, मग कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी गजानं ठासायची. घोड्याच्या जबड्यात चकमकीचा दगड असतो. चाप ओढला की तो दगड पोलादाच्या पात्यावर आपटतो, ठिणग्या खालच्या छोट्या वाटीतल्या रंजकेवर, म्हणजे पेटवणीच्या चिमूटभर दारूवर, पडतात, ती भपकन पेटते आणि बारीक भोकातून आग आतल्या दारूला पोचते. जर्मनीत नदीत गळ टाकायचा तरी परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो, पण ही जुन्या चालीची एकबारी बंदूक अठरा पूर्ण झालेल्या कुणालाही घेता येते. दारू बाळगायचा परवाना मात्र वेगळा, आणि तो माझ्या वयाला मिळायचा नव्हता. दारू खालच्या मजल्यावरच्या फ्राउ ड्योरची वापरायची, तिच्या नजरेखाली, तिच्या नेमबाजी क्लबच्या मैदानावर. हे सगळं ऐकून झाल्यावर आईनं एकच विचारलं, की म्हणजे हे फ्राउ ड्योरचं कारस्थान आहे का. होतंच.

फ्राउ ड्योर आमच्या घरमालकीणबाई. कायझर्सलाउटर्नला युनिव्हर्सिटीच्या चढावर, जिथे रस्ते संपून जंगल सुरू होतं, तिथे तिचं घर होतं. खाली ती, वर आम्ही. आयुष्यभर तिनं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर दटावायला विद्यार्थी उरले नाहीत म्हणून ती आम्हाला दटावायची. कचरा कुठल्या डब्यात, सायकल कुठे लावायची, हिवाळ्यात खिडकी किती वेळ उघडी ठेवायची, सगळ्यावर तिचं मत ठाम. पण तिच्या तळघरात कामाचं एक लांबलचक टेबल होतं, जबड्यात वस्तू घट्ट धरणारा वाइस होता, जवसाच्या तेलाचा वास होता, आणि भिंतीवर तिची स्वतःची चकमकीची बंदूक होती. बाई दर शनिवारी ती खांद्याला अडकवून क्लबमध्ये जायची. आमच्या कुकरच्या शिट्ट्या तिला खाली ऐकू जायच्या आणि तिच्या कानशीचा आवाज आम्हाला वर. रविवारी रूहेत्साइट, म्हणजे सक्तीची शांतता, म्हणून कानस बंद. कुकरला मात्र कुठलाच नियम लागू नाही, असा निवाडा तिनं दिला होता, कारण आमच्याकडची आमटी तिला आवडायची.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती घराची किल्ली विसरल्यामुळे. बाबा इन्स्टिट्यूटमध्ये, आई जर्मनच्या वर्गाला, बाहेर गारठा. तेव्हा मला जर्मन धड येत नव्हतं. फळांची नावं यायच्या आधी मला कानस, स्क्रू, शिसं आणि गज यांची जर्मन नावं आली, आणि ती अजून झोपेतून उठवून विचारली तरी सांगेन. शरद ऋतूत फ्राउ ड्योर बटाट्याच्या सूपबरोबर आलुबुखाराचा केक वाढायची. त्या भागात हे दोन्ही एकत्रच खातात. बाबांना ते अजब वाटायचं. आई म्हणाली, त्यात काय एवढं, आपण नाही का पुरणपोळीबरोबर कटाची आमटी खात. तेव्हापासून त्या दोघींचं जमलं ते कायमचं. दोघींना धड एक भाषा नव्हती, पण दोघींनाही ताटं बोलकी करता यायची.

तर बंदूक मान्य झाली. कशी झाली याचं मला आजही नवल वाटतं, पण बाबांचा स्वभाव ज्यांनी पाहिला असेल त्यांना वाटणार नाही. बाबांचं सगळं काम म्हणजे यंत्रांचे भाग ताणून, वाकवून, मोडून बघणं. त्यांना 'सुटे भाग' एवढं ऐकू आलं आणि 'बंदूक' हा शब्द मागे पडला. दोन दिवसांत ते माझ्यापेक्षा जास्त पेटले. क्लबमधून जुने कॅटलॉग आले, इंटरनेटवरून चित्रं छापून आली, आणि जेवणाच्या टेबलावर ताटं ठेवायला जागा उरेना. आई कॅटलॉगांवरच पोळ्यांचा डबा ठेवायची. बाबा घास हातात धरून वाचत असायचे आणि मध्येच मराठी शब्द आठवून खूश व्हायचे. घोडा, चाप, दस्ता, रंजक. रंजक हा शब्द त्यांना कुठल्याशा शाळेच्या पुस्तकातून आठवला होता, आणि तो सापडल्याच्या आनंदात त्यांनी त्या दिवशी भातावर दुसऱ्यांदा वरण घेतलं.

किट निवडायचं म्हणजे काय ते आता सांगते, कारण यातली गंमत त्यातच आहे. एक असतं तयार किट. दस्त्यात, म्हणजे बंदुकीच्या लाकडात, नळीची खाच, लॉकची खाच, सगळं मशीननं कापून आलेलं. आपण फक्त घासायचं, रंगवायचं, जोडायचं. लॉक म्हणजे घोडा, चकमकीचं पातं आणि रंजकेची वाटी ज्या पट्टीवर बसतात तो बंदुकीच्या कुशीतला संच. दुसरं असतं अर्धंमुर्धं किट, त्यात लाकूड म्हणजे नुसता बंदुकीच्या आकाराचा ओंडका, खाचा आपल्या आपण पाडायच्या, आणि एक खाच चुकली तर लाकूड चुलीत. नळी मात्र कुठल्याही किटमध्ये सरकारी चाचणीचा शिक्का मारलेलीच घ्यायची, यावर फ्राउ ड्योर आणि बाबा यांचं चटकन एकमत झालं. बाकी कशावरच झालं नाही.

तिचं म्हणणं, येगर घ्या. आखूड, जाडजूड, अक्रोडाच्या लाकडाची, इथल्या शिकाऱ्यांची जुनी बंदूक. बाबांचं म्हणणं, लांब अमेरिकन घ्या. तीही इथलीच म्हणायची, कारण या पट्ट्यातले कारागीर जहाजात बसून तिकडे गेले आणि तिकडच्या रानात त्यांची येगर हळूहळू लांब, सडपातळ होत गेली. स्थलांतर केल्यावर माणसं बारीक होतात, असं बाबा स्वतःच्या पोटावरून हात फिरवत म्हणाले. फ्राउ ड्योर थालीपीठ खाता खाता म्हणाली की लांब बंदूक म्हणजे पाहुण्यांना दाखवायचं फर्निचर. बाबा दर वाक्याला गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणायचे आणि नेमकं उलट बोलायचे. मी दोघांच्या मध्ये बसून एकच पान पुन्हा पुन्हा बघत होते. त्यावर तयार किटातली एक लांब बंदूक होती. मेपलच्या लाकडावर वाघाच्या अंगावर असतात तसे आडवे पट्टे, दस्त्यात पितळी झाकणाची पेटी. उभी केली तर माझ्या हनुवटीपर्यंत येईल एवढी. मला ती हवी होती. पुढे आयुष्यात मला घर हवं झालं, नोकरी हवी झाली, पण त्या पानावर बोट ठेवून जितकं हवं झालं तितकं क्वचितच.

बाबांनी विक्रेत्याला फोन लावला. काही आठवड्यांनी ऱ्हाईनकाठच्या एका गावात जुन्या हत्यारांचं प्रदर्शन भरणार होतं, तिथे येऊन किट घ्यायचं ठरलं. सगळं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, "रेख्ट्स ओडर लिंक्स?" म्हणजे लॉक उजव्या बाजूला हवं की डाव्या. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "रेख्ट्स, नाट्युर्लिश," म्हणाले. उजवीच, अर्थात. मलाही त्यात काही खटकलं नाही. आमच्या घरात असा प्रश्न असू शकतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. प्रसाद उजव्या हातात, पैसे उजव्या हातानं, जेवण उजव्या हातानं. डावा हात फक्त ताट धरायला.

प्रदर्शनाची वाट बघण्याचे ते आठवडे मी जमिनीवर नव्हतेच. शाळेत वहीच्या मागच्या पानांवर घोड्याची चित्रं काढायचे. सराव म्हणून फ्राउ ड्योर मला शनिवारी तिच्या येगरवर नेम धरायला देऊ लागली. आणि मी चुकायचे. चुकायचे म्हणजे सरळ चुकायचे, गोळी दर वेळी लक्ष्याच्या एकाच बाजूला पार मातीत. ती म्हणायची श्वास धर, मी धरायचे. ती म्हणायची डावा डोळा मीट, मी मिटायचे आणि माझा गाल वाकडा व्हायचा. इतर म्हातारे सभासद लांबून बघत कॉफी प्यायचे. शेवटी तिचा संयम संपला. तिनं मला दोन्ही हात लांब करायला लावले, दोन्ही पंजे जुळवून मध्ये छोटीशी फट ठेवायला सांगितली, आणि त्या फटीतून समोरच्या चर्चचं घड्याळ बघायला लावलं. मग म्हणाली, उजवा डोळा मीट. घड्याळ जागेवर होतं. डावा मीट. घड्याळ गायब. तिनं कोपऱ्यातला झाडू उचलला आणि माझ्याकडे फेकला. मी तो झेलला आणि तिनं नेम धर म्हणताच खांद्याला लावला. डाव्या खांद्याला. तो तिथे असा बसला की जणू तिथेच असतो.

"डू बिस्ट लिंक्स," ती म्हणाली. तू डावी आहेस. आणि मग शिक्षिकेच्या आवाजात समजावलं की उजव्या लॉकची बंदूक डाव्या खांद्याला लावली तर रंजकेचा भडका गालापासून वीतभरावर उडणार. चष्मा घालून लोक तसंही मारतात, पण डोळा दर वेळी त्या भडक्याआधीच मिटतो, आणि मिटलेल्या डोळ्यानं कुणाचा नेम बसत नाही.

रविवारी सकाळी नाश्त्याला मी हे घरी सांगितलं. आई घावन उलटत होती. पाठमोरीच म्हणाली, "होतीसच तू डावरी." इतक्या साधेपणानं म्हणाली की मला आधी कळलंच नाही. मी बसायला शिकले तेव्हापासून घास डाव्या हातानंच उचलायचे. आई तो हात अलगद उचलून बाजूला ठेवायची आणि घास उजव्या हातात द्यायची. मारलं नाही, रागावली नाही, नुसतं दर घासाला ते करत राहिली. शाळेत जाईपर्यंत मी बदलले होते. "लोक बोलतात गं," ती म्हणाली. "हळदीकुंकवाला डावा हात पुढे केलास तर तुला कुणी हसायला नको." मला राग यायला हवा होता, पण मला भलताच आनंद झाला. दात घासायला, बरणीचं झाकण उघडायला, बर्फाचा गोळा फेकायला माझा डावाच हात का पुढे होतो याचं कोडं एका दमात सुटलं होतं. स्वतःच्या घरात एक खोली जास्त आहे असं अचानक कळावं तसं झालं. मी टेबलावरून उठून सगळ्यांना फटीतून बघायला लावलं. आईचा उजवा डोळा निघाला. बाबांनी हात लांब केले, खिडकीतून समोरच्या चिमणीकडे बघितलं, एक डोळा मिटला, दुसरा मिटला, आणि हात खाली घेतले.

"डावा," ते म्हणाले. "मलाही बदललं होतं. शाळेत. मास्तर बोटांवर फूटपट्टी मारायचे, कड उभी धरून." ते मला तोवर माहीत नव्हतं.

तेव्हा मला वाटलं, आता प्रश्नच मिटला, लगेच फोन करून डावी मागवू. पण बाबांनीच नकार दिला. दुसऱ्या दिवशी मला विक्रेत्याला फोन करू दिला तेवढाच. तो म्हणाला की डावी फार कुणी घेत नाही, त्याच्याकडे एकच आहे, तीही अर्ध्यामुर्ध्या किटातली. साधं लाकूड, पट्टे नाहीत, पितळी पेटी नाही, लॉकची खाच आपली आपण पाडायची. नवशिक्यानं तिच्या वाटेला जाऊ नये. बाबांना तेवढं पुरलं. म्हणाले, तुला ती पट्ट्यांची आवडलीय, तीच घे. लिहितेस उजव्या हातानं, जेवतेस उजव्या हातानं, नेमही धरशील. मी म्हटलं, डोळा मिटतो हो बाबा. ते म्हणाले, "सवय होते गं. मला झाली."

आई भांडी पुसत होती. तिनं फडका खाली ठेवला. "झाली का हो?" तिनं विचारलं.

आईच बोलत राहिली, आवाज न चढवता. स्क्रू पिळताना अजून हात बदलता. घाईत सही केलीत तर बँक कागद परत पाठवते. लग्नात मंगळसूत्र बांधताना डावा हात पुढे केलात आणि भटजींनी तो मागे ढकलला, तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिलाय. "तिचा हात मीच बदलला," ती म्हणाली, "आता पुन्हा नाही बदलायचा." आईनं बाबांना असं तोंडावर कधी काही सुनावलेलं मी पाहिलं नव्हतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उठून तिला मिठी मारली, आणि तिनं हात ओले आहेत म्हणून मला ढकललं. बाबा खिडकीशी गेले आणि आपली बोटं चोळत उभे राहिले. बरं तर, प्रदर्शनात दोन्ही बघू, एवढंच म्हणाले.

प्रदर्शनाला आम्ही तिघं आणि फ्राउ ड्योर, तिच्या जुन्या गाडीतून गेलो. आईनं दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती, आणि फ्राउ ड्योरनं ती चटणी हायवेवर एका हातानं गाडी चालवत ब्रेत्सेलला, म्हणजे इथल्या खारट वेटोळ्या पावाला, लावून खाल्ली. हॉलमध्ये तेल, लाकूड आणि सॉसेज यांचा एकत्र वास होता. तलवारी, चिलखतं, बारूदाची शिंगं, आणि टेबलाटेबलावर घोडे मागे ओढून सोडण्याचे खटके. मी धावतच होते. विक्रेता एक मिशाळ, थकलेला माणूस होता. त्यानं दोन्ही खोकी उघडून शेजारी शेजारी ठेवली. उजवीचे पट्टे चित्रातल्यापेक्षा देखणे होते. हात फिरवला तर ते वळवळल्यासारखे दिसायचे. डावीचं लाकूड फिकट आणि गप्प, दाराच्या चौकटीला लावतात तसं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी पट्ट्यांकडेच बघत होते. फ्राउ ड्योर मुद्दाम शेजारच्या टेबलाकडे गेली. विक्रेत्यानं बाबांकडे बघून विचारलं, "रेख्ट्स ओडर लिंक्स?"

बाबांनी श्वास घेतला. तोंड उघडलं. मग मिटलं, आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "तू सांग. तुझा हात आहे."

"लिंक्स," मी म्हणाले. म्हणताना माझा आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या टेबलावरची दोन माणसं वळून बघू लागली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. पट्टे गेले, पितळी पेटी गेली, आता पुढची दोन वर्षं तळघरात घाम गाळायचा होता (ती तीन झाली), आणि तरी माझा आनंद मावत नव्हता. विक्रेत्यानं खांदे उडवले, आणि माप कळावं म्हणून मागच्या भिंतीवरून त्याच्या स्वतःच्या संग्रहातली एक पुरी झालेली डावी बंदूक काढून माझ्या हातात दिली. मी ती खांद्याला लावली. मला काही शोधावं लागलं नाही. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, आपण होऊन डोळ्यासमोर आली.

मी बंदूक परत करणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "बघू?" त्यांनी ती घेतली आणि क्षणाचाही विचार न करता डाव्या खांद्याला लावली. गाल दस्त्यावर टेकवला. उजवा डोळा मिटला. आणि तसेच उभे राहिले, हॉलच्या टोकाच्या एका दिव्याकडे नेम धरून, मान कुठेही न अवघडता, जणू लहानपणापासून हेच करत आलेत. मागे रांग लागली होती. कुणीतरी खाकरलं. विक्रेत्यानं बंदूक परत घ्यायला हात पुढे केला. आई परक्या माणसाशी आपणहून जर्मनमध्ये कधी बोलायची नाही, चुकेल म्हणून लाजायची. ती पुढे झाली, बाबांच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली, आणि जमेल तशा जर्मनमध्ये त्याला म्हणाली, "जरा थांबा. त्यांना आत्ताच मिळालीय."